लोटीभर डोह

दलिचंदशेठ हातात पितळी लोटी घेऊन उठले, तेव्हा त्यांना कोणी काही विचारलं नाही. दुपारचं जेवण आटोपल्यावर माणूस लोटी घेऊन नदीकाठच्या झुडपांकडे निघाला, तर 'कुठे निघालात' असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. कौतिक पाटलांनी वाळूवर आडवं होऊन टोपी डोळ्यांवर ओढली. तोताराम आणि त्याची बहीण इंदिराबाई वल्ही पुसता पुसता कशावरून तरी भांडत होती. पितांबर उलट्या घातलेल्या होडीच्या पोटावर डांबराचा हात फिरवत होता. शेठ थोडे पुढे गेले, एकदा मागे वळून पाहिलं आणि झुडपांआड दिसेनासे झाले.

लोटीत पाणी होतं. पण ज्या कामाचं सगळ्यांना वाटलं, त्या कामाचं ते नव्हतं.

बांगलादेशची लढाई होऊन दोन हिवाळे झाले होते. पितांबर त्या लढाईत होता. खडकीच्या इंजिनियर पलटणीत राहून त्याने नद्यांवर पूल टाकले, रात्रीअपरात्री होड्या हाकल्या. पलटणीतून सुटून तो अमळनेर तालुक्यातल्या आपल्या गावी आला, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा शेत बघेल. त्याने बांबूच्या कामट्यांचे तीन लांबोडके सांगाडे बांधले, त्यांवर ताडपत्री ताणून बसवली आणि वरून अळशीचं तेल नि डांबर पाजलं. दोन्ही टोकांना निमुळत्या, आत जेमतेम दोन माणसं मावतील अशा होड्या झाल्या. पलटणीत त्यांना 'कयाक' म्हणायचे. गावाने त्यांचं नाव ठेवलं 'पितांबरच्या सुसरी'.

पौष-माघात तापीचं पाणी निवळलं की तो चार माणसं घेऊन निमगव्हाणच्या काठावरून निघे आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कपिलेश्वरला, पांझरेच्या संगमावर, उतरवी. मधल्या वाटेत गावं थोडी, काठ उंच नि घळींनी फाटलेले, आणि नदी तिच्या मनाला येईल तशी. निघण्याआधी तो प्रत्येकाकडून एकच गोष्ट वदवून घेई :

"पान्यावर एकटा कोनी नही. जासूत तं बठ्ठा जासूत, थांबसूत तं बठ्ठा थांबसूत."

जाऊ तर सगळे, थांबू तर सगळे : शेठनीही ते सगळ्यांबरोबर म्हटलं होतं. फक्त त्यांचा आवाज कोणाला ऐकू गेला नव्हता.

शेठचा आवाज तसा कोणालाच ऐकू जात नसे. अमळनेरात त्यांच्या घराण्याची कापसाची आडत होती. थोरले दलिचंद, धाकटे उत्तमचंद. पण पेढीवर बसायचा उत्तमचंद, आणि थोरले वाचनालयात. आपण पेढीवर बसलो तर भाव चुकेल, तोलात फसू, गिऱ्हाईक दुखावू, अशी त्यांना भीती. आणि वाचत बसलो तर निदान कोणाचं नुकसान नाही, अशी समजूत. नद्यांवरची पुस्तकं त्यांना फार आवडत. कुठली नदी कुठल्या डोंगरात उगवते, कुठे धबधबा घेते, हे त्यांना पाठ होतं. स्वतः मात्र ते गावच्या बोरी नदीच्या पाण्यात गुडघ्याच्या वर कधी उतरले नव्हते.

वाचनालयाच्या भिंतीवर पितांबरने हाताने लिहून चिकटवलेला कागद होता. शेठनी तो येता-जाता इतक्यांदा वाचला, की एके दिवशी जेवताना तो बायकोला बातमीसारखा सांगून टाकला.

"मग जाऊन या," राजकुंवर म्हणाल्या.

"मी?"

"नाहीतर काय तो कागद जाणार? लग्न झाल्यापासून बघतेय, नद्या वाचताय. एकदा बघून या."

"मला जमायचं नाही."

"होडीत बसून राहा. बसायचं तर जमतं ना?"

बसायचं त्यांना खरोखरच जमत असे.

निघायच्या दिवशी राजकुंवरनी पिशवीत खाकरे भरले, दुहेरी जाड कापडाचं गळणं भरलं आणि झाकणाची एक छोटी पितळी लोटी दिली. पाणी गाळल्याशिवाय त्या घरात कोणी पीत नसे. गाळून झालं की गळणं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुवायचं. ते धुवण म्हणजे जीवाणी. डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात असतात. ते लोटीत घ्यायचं आणि ज्या पाण्यातून आणलं, त्याच पाण्यात हलक्या हाताने परत सोडायचं. विहिरीचं विहिरीत, तळ्याचं तळ्यात. दुसऱ्याच पाण्यात टाकलं तर ते जीव परक्या मुलखात पडून मरतात. घरात नळ येऊन किती वर्षं झाली, तरी राजकुंवर रोज गल्लीच्या विहिरीवर जात आणि जीवाणीची लोटी दोरीला बांधून थेट पाण्यापर्यंत सोडत. जाऊ हसे. त्यांनी कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही, की कोणाला 'तुम्हीही करा' म्हटलं नाही.

"मी तुमच्याकडे काही मागत नाही," त्या म्हणाल्या. "एवढं एक तेवढं सांभाळा."

त्या खरंच काही मागत नसत. त्याचंच शेठना ओझं झालं.

पहिला दिवस निभावला. शेठ कौतिक पाटलांच्या होडीत पुढे बसले. कौतिक पाटील रावेरकडचे, केळीचे बागायतदार, अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून. त्यांच्या बडबडीमुळे शेठना बोलायची पाळीच आली नाही, याचा त्यांना फार आनंद झाला. दुसऱ्या होडीत इंदिराबाई आणि तोताराम. बाई धुळ्याच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. धाकटा तोताराम रेल्वेत गार्ड, चाळीसगावला. बाई मागून वल्हं मारत आणि भावाला कवायत शिकवत. "अक्का, मी रोज मालगाडी नेतो," तो वैतागून म्हणे. "रूळ आहेत म्हणून नेतोस," बाई म्हणत. पितांबर एकटा, सामानाच्या होडीत, सगळ्यांच्या पुढे.

संध्याकाळी शेठनी नदीचं पाणी गाळलं, जीवाणी नदीत सोडली. सूर्य बुडायच्या आत एकटेच बाजूला बसून खाकरा खाल्ला. बाकीचे अंधार पडल्यावर चुलीभोवती जेवले.

मुक्काम उंच दरडीखाली होता. पावसाळ्यात नदी या दरडीला घासून जात असणार. आता ती खडकाच्या एका लांब पाठीपलीकडून वाहत होती आणि मागे राहिला होता एक डोह, नदीपासून तुटलेला. हिरवाकाळा, गार, हलतसुद्धा नव्हता. सकाळी शेठनी त्या डोहाचं पाणी घेतलं. ते इतकं स्वच्छ होतं की गाळायची गरज नाही असं वाटावं. त्यांनी गाळलं. गळणं धुतलं. जीवाणी लोटीत घेतली, झाकण लावलं. अंथरूण गुंडाळून झालं की सोडू म्हणून लोटी पिशवीपाशी ठेवली. तेवढ्यात कौतिक पाटील ओरडले, "शेठ, ऊन डोक्यावर आलं! होडकं तुमच्यावाचून हलत नाही म्हटलं!" आपल्यामुळे माणसं खोळंबली, हा विचार शेठना सोसत नसे. त्यांनी घाईने जे हाताला लागलं ते पिशवीत कोंबलं आणि धावले.

डोहाच्या खाली कोसभरावर घोडखडक लागला. तिथे नदी दोन काळ्या खडकांमधून अंग चोरून उतरते आणि खाली फेस होऊन पडते. पितांबर आधी उतरला, खालून हात केला. इंदिराबाई 'तोताराम, डावीकडे, डावीकडे!' अशा ओरडत उतरल्या. शेठ होडीपासून दोन पावलं मागे सरले. ते म्हणाले, "मी पायी येतो." कौतिक पाटलांनी शेठची पिशवी होडीत नीट बांधली. त्यांनी होडी एकट्याने उतरवली आणि शेठ काठाकाठाने, धोतर सावरत, खडकांवरून चालत खाली आले. खाली पोचले तेव्हा सगळी भिजलेली माणसं हसत होती. त्या हसण्यात आपण नाही, हे शेठना कळलं. चूक त्यांची कोणाची नव्हती.

जेवण झाल्यावर पुस्तकासाठी त्यांनी पिशवीत हात घातला, आणि हाताला लोटी लागली. आत पाणी हिंदकळलं.

शेठ किती तरी वेळ लोटी मांडीवर घेऊन बसले. पुढ्यात नदी होती. दोन पावलांवर. पण हे नदीचं पाणी नव्हतं, डोहाचं होतं. आणि डोह वर राहिला होता, घोडखडकाच्याही पलीकडे. नदीत सोडून द्यावं आणि गप्प बसावं? राजकुंवर विचारणार नाहीत. त्यांनी कधीच विचारलं नसतं. त्यांचा विश्वास होता, आणि तोच तर पंचाईत करत होता.

सांगावं, तर कोणत्या तोंडाने? 'डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी तुम्ही सगळे मागे फिरा' असं चार परक्या माणसांना म्हणायचं? ज्याने आयुष्यात दुसऱ्यांदा वाढायलासुद्धा कोणाला सांगितलं नाही, त्याने? त्यापेक्षा आपणच काठाने चालत जाऊ, सोडून येऊ. कोणाला कळणारही नाही. म्हणून शेठ लोटी घेऊन उठले.

इकडे कौतिक पाटलांची एक डुलकी झाली. उठून पाहतात तो शेठ नाहीत.

"अजून आले नाही का शेठ?"

"वेळ लागतो एखाद्याला," तोताराम म्हणाला.

"एवढा? पोट बिघडलं असंन बाप्पा. कालपासून खाकऱ्याशिवाय काही पोटात नाही त्या मानसाच्या."

इंदिराबाईंनी आपल्या पिशवीतून ओवा काढून ठेवला. मग साखर-मीठ काढलं. आणखी थोडा वेळ गेला तशी त्यांनी भावाला हुकूम सोडला, "तू जाऊन बघ." तोताराम म्हणाला, "अक्का, माणूस लोटी घेऊन बसलाय नि मी जाऊन बघू?" एवढं बोलणं होईतो पितांबर काठ चढून गेलासुद्धा.

तापीचा काठ ज्याने पाहिलाय त्याला ठाऊक आहे : वरून सपाट वाटतो, आणि आत मातीच्या घळींचं जाळं असतं. एकीत उतरावं तर दुसरीत निघतो. शेठ तिसऱ्या की चौथ्या घळीत अडकले होते. पायाखालची माती घसरत होती, धोतर बाभळीला फाटलं होतं, चष्म्यावर धूळ होती. चढायला दोन्ही हात हवे होते, आणि एका हातात लोटी होती. ती त्यांनी छातीशी अशी सरळ धरली होती की तेवढ्या पडझडीत थेंब सांडला नव्हता.

"काय व्हयनं, शेठ?" पितांबर वरून म्हणाला. "पोट दुखस का?"

शेठनी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांच्या तोंडून सगळं आलं : डोह, गळणं, राजकुंवर, विसरलेली लोटी. खाली मान घालून, लोटीशी बोलल्यासारखं. शेवटी म्हणाले, "तुम्ही लोक पुढे व्हा. मी येतो मागून."

पितांबर खाली उतरला. त्याने लोटी घेतली नाही. शेठचा मोकळा हात धरला आणि त्यांना वर काढलं. वर आल्यावर म्हणाला,

"काय म्हनेल होतं आपण निघताना?"

"जाऊ तर सगळे," शेठ पुटपुटले.

"तं मंग."

तो होड्यांपाशी आला आणि त्याने दोन वाक्यांत सगळ्यांना सांगितलं : काठाने घळी आहेत, तेव्हा होड्याच वर न्यायच्या. शेठ मागे उभे होते. त्यांना वाटलं, आता भुई दुभंगली तर बरं.

पहिले कौतिक पाटील बोलले. "म्हंजे पोट बरं आहे? अन् आम्ही इथं ओवा मोजून राह्यलो!" मग लोटीकडे पाहून, "किती जीव असतीन हो यात?"

"सांगता येत नाही," शेठ म्हणाले.

"मी केळीवर फवारा मारतो तवा किती जात असतीन? नका, नका सांगू. माझा हिशेब वरच होऊ द्या." त्यांनी नदीच्या वरच्या अंगाला, घोडखडकाकडे पाहिलं. "उतरलेलं पानी परत चढायचं! माझ्या बापानं नाही केलं असं."

"तुमच्या वडिलांना सहल न्यावी लागली नाही कधी," इंदिराबाई म्हणाल्या. त्या उठून पदर खोचत होत्या. "मी दरसाल मुली घेऊन जायची. एक मुलगी मागे राहिली तर बस फिरवायची की नाही?"

"मुलगी दिसते, अक्का."

"न दिसणारी जास्त हरवते. ऊठ."

तोतारामने गळ्यातला हिरवा मफलर काढला, हातभर लांब धरून हलवला आणि गंभीरपणे म्हणाला, "गाडी मागे घ्यायची तर गार्डाची परवानगी लागते. दिली."

शेठनी होडीचा दोर उचलला. तेवढं एक त्यांना सुचलं.

उतरायला निमिष लागलेला घोडखडक चढायला दुपार लागली. होड्या रिकाम्या करून, दोर लावून, काठाच्या खडकांवरून एकेक ओढायची. पितांबर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मागून रेटत होता. कौतिक पाटील दर ओढीला आपल्या बापाचं नाव घेत होते. इंदिराबाईंनी मोजणी लावली, "एक, दोन, ओढा!", आणि एकदा 'ओढा' म्हणायच्या आधीच ओढल्याबद्दल कौतिक पाटलांना सगळ्यांदेखत दटावलं. बागायतदार शाळकरी पोरासारखा गप्प झाला. शेठ दोराच्या टोकाला होते. त्यांचे तळहात सोलले. आपल्या ओढण्याने होडी हलते आहे की आपण नुसते दोराला लटकलो आहोत, याची त्यांना शंका होती. मधेच तोतारामचा पाय घसरला आणि दोराला एकदम हिसका बसला, तेव्हा शेठनी टाचा रोवून तो तसाच धरून ठेवला. "शेठ, सोडू नका!" पितांबर ओरडला. शेठनी सोडला नाही. पहिल्यांदाच त्यांना वाटलं, आपलं वजन कुठेतरी पडलं.

लोटी तेवढा वेळ ओल्या वाळूत, खडकाच्या सावलीत, इंदिराबाईंच्या ओव्याच्या पुरचुंडीशेजारी ठेवलेली होती.

वरचं कोसभर पाणी वल्हवून डोहावर पोचले तेव्हा दरडीची सावली पाण्यावर आली होती. शेठ काठावर उकिडवे बसले. त्यांनी झाकण काढलं, लोटी पाण्याला टेकवली आणि हळूच कलती केली. पाणी पाण्यात गेलं. बुडबुडासुद्धा आला नाही. दिसण्यासारखं काहीच झालं नाही, आणि शेठना भीती वाटली, आता कोणीतरी हसेल. एवढ्यासाठी?

कोणी हसलं नाही. मागे वळून पाहिलं तर कौतिक पाटलांनी टोपी काढून हातात धरली होती. का ते त्यांनाही माहीत नसावं.

"गेले का घरी?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"गेले," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज त्या दिवशी सगळ्यांना ऐकू आला.

"मंग आता बसा. सूर्य कासराभर वर आहे. तुमचं जेवण अंधाराआधी लागतं ना?" आणि कौतिक पाटलांनी आपल्या पोत्यातून स्वतःच्या बागेतली कच्ची केळी काढली. काल वांग्याचं भरीत झालं होतं, कांदा-लसूण घातलेलं, म्हणून शेठ बाजूला बसले होते. आज पाटलांनी केळी निखाऱ्यात भाजली, सालं काढून ठेचली, वर मिरची, मीठ आणि तेल. "लसूण नाही, म्हंजे हे भरीत नाही, आजाऱ्याचं जेवण आहे," असं म्हणत त्यांनी स्वतः दोनदा घेतलं. सगळे शेठबरोबर उजेडीच जेवले. शेवटचा घास झाला आणि सूर्य मावळला. शेठनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "अजून थोडं वाढता का?"

सकाळी पुन्हा घोडखडक आला. येणारच होता. पितांबर उतरला, बाई-तोताराम उतरले. कौतिक पाटील होडी धरून उभे राहिले. त्यांनी शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसते उभे राहिले. काठाकाठाने जायची वाट शेठना आता पाठ होती. त्यांनी धोतर वर खोचलं आणि पुढच्या जागेवर जाऊन बसले.

"नक्की?" मागून प्रश्न आला.

"बसायचं जमतं मला," शेठ म्हणाले.

मग खडक दोन्ही बाजूंनी धावत आले, गार पाण्याचा तडाखा तोंडावर बसला, चष्मा नाकावरून निसटून दोरीला लोंबला, आणि आंधळ्या उजेडात शेठना कळलं की ओरडणारा माणूस आपणच आहोत. खाली पोचले तेव्हा सगळी भिजलेली माणसं हसत होती. त्यांत तेही होते.

संगमावर उतरले तेव्हा ठरल्यापेक्षा दिवसभर उशीर झाला होता. तोतारामची ड्यूटी हुकली होती, कौतिक पाटलांकडे केळी तोडायला माणसं येऊन बसली असणार होती. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. शेठ वाटभर मनात आभाराचं भाषण जुळवत आले होते. कपिलेश्वराच्या पायऱ्यांवर सगळे निरोप घेऊ लागले, तेव्हा त्यांनी घसा साफ केला, आणि भाषणातलं एक अक्षर आठवेना.

"बरं झालं," ते म्हणाले.

"काय बरं झालं, शेठ?"

"तुम्ही होतात."

पितांबरने नुसता त्यांचा सोललेला तळहात हातात घेऊन पाहिला आणि म्हणाला, "हाऊ आते वल्हं धरनारा हात व्हयना."

घरी राजकुंवरनी काही विचारलं नाही. फाटलेलं धोतर पाहिलं, तळहात पाहिले, तूप लावलं. शेठनीच सांगितलं. विसरलो इथपासून, लपून गेलो इथपर्यंत, काही न गाळता. दोर कोणी ओढला, टोपी कोणी काढली, केळी कोणी भाजली, सगळं.

राजकुंवरनी आजवर जीवाणीची लोटी एकटीने विहिरीत सोडली होती. तिच्यासाठी पाच माणसं नदी चढली, हे त्यांना पुन्हा ऐकायचं होतं. त्यांनी एकेकाचं नाव विचारलं, आणि गाव, आणि घरी कोण कोण असतं ते.

मग लोटी घासून लख्ख करून त्यांनी ती फडताळात ठेवली.

"पुढच्या पौषात मी येते," त्या म्हणाल्या. "लोटी मी सांभाळीन. तुम्ही आपलं वल्हं मारा."